पत्ता नसलेल्यांची गाडी

नायगाव पूर्वेला, स्टेशनवरून जूचंद्रकडे जाताना ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं खेळायला उतरतात. त्यांचा एक आवडता खेळ म्हणजे नंबरप्लेट वाचून गाडी कुठली ते ओळखायचं. एमएच ४८ दिसलं तर कुणी ओरडत नाही, कारण ते वसईचं, आपलंच. एमएच ०४ म्हणजे ठाणे. वसईला स्वतःचं परिवहन कार्यालय मिळण्याआधी घेतलेल्या जुन्या गाड्यांवर तो नंबर अजून दिसतो. एमएच ४७ बोरिवली, जीजे १५ वलसाड. महिन्याभरापूर्वी हा खेळ एका गाडीपाशी अडला. कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीवर सुरुवातीलाच २२ हा आकडा होता, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी एक अक्षर.

"बीएच म्हणजे बिहार," एक मुलगी म्हणाली.

"बिहारचं बीआर असतं गं," गाडीचे मालक म्हणाले. ते आमच्याच इमारतीत राहणारे निवृत्त सुभेदार. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांनी ही गाडी घेतली. सगळी मुलं त्यांना सुभेदार काका म्हणतात. "बीएच म्हणजे भारत."

"पण भारतात कुठे?"

काका क्षणभर थांबले. "कुठेही," ते म्हणाले.

त्या एका शब्दानं मी मोटार वाहन कायद्याच्या पुस्तकापर्यंत जाऊन पोचलो. आधी वाटलं होतं, दोन-चार सवलतींची यादी सापडेल. सापडलं ते फार निराळं. ज्या माणसाला पत्ताच नाही, त्याला गाडी कशी चालवू द्यायची, या कोड्याशी आपला कायदा किती वर्षं झुंजतो आहे, आणि त्यानं किती विलक्षण उत्तरं शोधली आहेत, ते दिसलं.

नंबरप्लेट ही गाडीची ओळख असते असं आपण म्हणतो. पण ओळखीच्याही आधी ती पत्ता असते. एमएच म्हणजे राज्य, ४८ म्हणजे कार्यालय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ४० सांगतं, की मालक जिथे राहतो, जिथे त्याचा व्यवसाय आहे किंवा गाडी जिथे एरवी उभी असते, त्यावरून तिची नोंदणी कुठे करायची ते ठरतं. लायसन्सचंही तेच. सगळी इमारत 'राहतो' या एका क्रियापदावर उभी आहे. आणि सैनिक नेमका राहत नाही. तो असतो. आज अंबाल्याला, तीन वर्षांनी जोधपूरला, मग तेजपूरला.

त्याच्या पत्राचा पत्ता आठवून पाहा. ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं, त्यांना तो पाठ असतो: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ ची पत्रं दिल्लीच्या, ९९ ची कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रातून पुढे जातात. ती पुढे कुठे जातात ते पाठवणाऱ्याला कळत नाही, कळूही नये.

यात आपल्या माणसाचा एक सुंदर धागा आहे. कोकणात जन्मलेले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी, हे आपल्या पिन कोडचे जनक. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा १ ते ८ यांपैकी असेल तर देशाचा एकेक भूभाग. महाराष्ट्राच्या वाट्याला ४ आला, म्हणून आपल्या वसई-नायगावचे पिन ४०१ नं सुरू होतात. आणि ९? तो नकाशावर कुठेच नाही. ९ हा आकडा लष्करी टपालाचा. देशाचे आठ तुकडे पाडल्यावर नववा तुकडा त्या माणसांचा, जी आठांपैकी कुठेही असू शकतात. मला ही कल्पना कितीही वेळा आठवली तरी नवीच वाटते.

नायगावच्या खाडीत पाणजू बेट आहे. रेल्वेचा पूल त्यावरून जातो, आणि तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या होडीनं नायगावला येतात. त्यांना पक्का पत्ता आहे, पण त्या पत्त्यापर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. सैनिकाचं याच्या बरोबर उलट आहे.

आता कायद्याची गंमत बघा. मतदानाचा कायदा या फिरत्या माणसाकडे एका नजरेनं बघतो आणि मोटारीचा कायदा दुसऱ्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये म्हटलं आहे, की सैनिक नोकरीत नसता तर जिथे राहिला असता, तिथेच तो राहतो असं मानायचं. म्हणजे सियाचीनला उभा असलेला जूचंद्रचा जवान मतदानाच्या नजरेत जूचंद्रलाच असतो. कायद्यानं त्याच्यासाठी एक न घडलेलं आयुष्य गृहीत धरलं आहे. मोटारीच्या कायद्यात मात्र ही कल्पनाशक्ती नव्हती. त्याला माणूस दिसतच नव्हता, फक्त गाडी दिसत होती. आणि गाडी जिथे उभी, तिथला तिचा पत्ता.

त्यातून काय होत होतं, ते कलम ४७ वाचलं की कळतं. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यायचा. वसईत गाडी घेतलेल्या जवानाची बदली जोधपूरला झाली असं समजा. आधी बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. मग मूळ परिवहन कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी फॉर्म २८ भरायचा, गाडी चोरीची नाही आणि दंड-कर थकलेला नाही याची खातरजमा करून घ्यायची. मग राजस्थानचा रोड टॅक्स भरायचा. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर एकरकमी, पुढच्या पंधरा वर्षांचा भरून झालेला असतो; दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो किमतीच्या ११ टक्के. त्यातला न वापरलेल्या वर्षांचा वाटा परत मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज करायचा तो मूळ कार्यालयात. जोधपूरहून वसईला सुट्टी काढून. आणि हे सगळं पार पडून नवी प्लेट गाडीवर बसते, तोवर तेजपूरचा हुकूम येतो.

सुभेदार काकांनी पहिल्या गाडीला पंधरा वर्षांत तीन राज्यांचे नंबर लावले होते. "मुलं शाळा बदलायची," ते म्हणाले, "तसं गाडीही शाळा बदलायची."

हे ओझं इतकं जड होतं, की बरेच जवान गाडी घेतच नसत. घेतली तर गावी भावाच्या अंगणात ठेवत.

२०२१ मध्ये यावर उत्तर आलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २६ ऑगस्टला अधिसूचना काढली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून भारत मालिका, म्हणजे बीएच, सुरू झाली. सक्ती नाही, हवी असेल त्यानं घ्यावी. संरक्षण दलांतले कर्मचारी, केंद्र आणि राज्य सरकारांचे आणि सरकारी उपक्रमांचे कर्मचारी, आणि ज्या खासगी कंपन्यांची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांचे कर्मचारी, यांना ती घेता येते. सैनिकाला आणि सरकारी नोकराला आपलं ओळखपत्र पुरतं. खासगी नोकरीतल्याला फॉर्म ६० मध्ये कंपनीचा दाखला द्यावा लागतो. अर्ज गाडी विकणारा डीलरच 'वाहन' पोर्टलवर भरतो.

प्लेट कशी वाचायची ते त्या संध्याकाळी आमच्या पार्किंगमधल्या मुलांना एका दमात पाठ झालं. पहिले दोन आकडे नोंदणीचं वर्ष. मग बीएच. मग चार आकडे. शेवटी एक किंवा दोन इंग्रजी अक्षरं, पण त्यात आय आणि ओ कधीच नसतात, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात आणि धावत्या गाडीचा नंबर टिपणाऱ्याची फसगत होते. पांढऱ्यावर काळं, बाकी गाड्यांसारखंच. फक्त जिथे राज्याचं नाव असायचं तिथे वर्ष आलं आहे, आणि जिथे कार्यालयाचा आकडा असायचा तिथे देश. पत्त्याच्या जागी तारीख.

खरी करामत मात्र कराच्या हिशेबात आहे. पंधरा वर्षांचा कर एका राज्यानं आधीच घेतला, की गाडी त्या राज्याला बांधली जाते. सगळं दुखणं तिथून सुरू होतं. बीएचमध्ये कर दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा. दर देशभर एकच: जीएसटी सोडून गाडीची किंमत दहा लाखांच्या आत असेल तर ८ टक्क्यांच्या हिशेबानं, दहा ते वीस लाखांत १०, त्यापुढे १२, डिझेलला २ टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला २ टक्के कमी. चौदा वर्षं झाली की मग दरवर्षी, आधीच्या निम्म्या दरानं. गाडी जिथे जाईल तिथे तिचा कर तिच्याबरोबर तुकड्यातुकड्यानं चालतो. एकच जपायचं: मुदत संपली आणि सात दिवसांत पुढचा कर भरला नाही, तर दिवसाला १०० रुपये दंड चढू लागतो. सीमेवर नेटवर्क नसलेल्या चौकीत असणाऱ्या जवानानं हे घरच्यांना सांगून ठेवलेलं बरं.

सुरुवातीला बीएच फक्त नव्या गाडीला मिळे. डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि आधीच नोंदलेली गाडीही, मालक पात्र असेल तर, आवश्यक तो कर भरून बीएचमध्ये नेता येऊ लागली. शिवाय ती कुणालाही, पात्र नसलेल्यालाही, विकता येते. हे मुद्दाम सांगतो, कारण बीएचची गाडी विकताच येत नाही असं अजून अनेक जण मानतात.

इथवर आलो आणि वाटलं, झालं. पण सुभेदार काकांनी विचारलं, "ही तर माझी स्वतःची गाडी. फौजेची गाडी कुठल्या आरटीओत जाते, ते बघितलंत का?"

बघितलं नव्हतं.

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, आपल्या बापाण्याच्या फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर कधीतरी हिरव्या ट्रकांचा लष्करी ताफा जाताना दिसतो. त्यांच्या प्लेटवर राज्य नसतं, बीएचही नसतं. वर टोक असलेला एक छोटा बाण असतो. मग दोन आकडे, म्हणजे गाडी सैन्यात आली ते वर्ष. मग एक अक्षर, मग लांबलचक क्रमांक, आणि शेवटचं अक्षर गाडी कुठल्या वर्गातली ते सांगणारं. या गाड्या कुठल्याही आरटीओच्या वहीत नाहीत. कलम ६० नुसार केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा पूर्ण ताब्यातल्या, देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि कुठल्याही व्यापारी उद्योगाशी संबंध नसलेल्या गाड्यांची नोंदणी संरक्षण खात्याची स्वतःची यंत्रणा करते. देशाच्या आत एक दुसरी आरटीओ आहे, आणि तिच्या गाड्या रोज आपल्या शेजारून जातात.

तो बाण आला कुठून? इंग्रजांकडून. त्यांच्याकडे शतकानुशतकं हा 'रुंद बाण' सरकारी मालमत्तेची खूण होता. तोफा, पिंपं, कापड, नांगर, सगळ्यांवर. अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतींत जहाजाच्या डोलकाठीसाठी राखून ठेवलेल्या उंच पाइन वृक्षांवर कुऱ्हाडीच्या तीन घावांनी हाच बाण कोरायचे. मग ते झाड राजाचं. कैद्यांच्या कपड्यांवरही तो छापत. साम्राज्य गेलं, पण खूण राहिली. आणि आज जबलपूरच्या कारखान्यातून निघणारा ट्रक ती मिरवत नायगावच्या शेजारून जातो.

पण बाण इंग्रजी असला तरी त्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही. १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत चिमाजी अप्पांच्या फौजा याच खाडीच्या काठानं वसईच्या किल्ल्याला भिडल्या होत्या. मराठी फौजेत घोडेस्वार दोन जातीचे: बारगीर आणि शिलेदार. बारगीराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बाणाची गाडी चालवणारा जवान म्हणजे बारगीर, आणि बीएचच्या गाडीत बायको-मुलांना बसवून सुट्टीला घरी येणारा तोच जवान म्हणजे शिलेदार. उत्तरेत मोगलांच्या फौजेत तर याच्याही पुढची व्यवस्था होती. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडानं डाग द्यायचे, म्हणजे हजेरीला दुसराच घोडा आणून दाखवता येऊ नये. अलाउद्दीन खिलजीनंही हे केलं होतं. आणि स्वाराचं वर्णन, रंग, खुणा लिहून ठेवायच्या, त्याला 'चेहरा' म्हणत. दाग आणि चेहरा. आपण ज्याला आज आरसी बुक आणि लायसन्स म्हणतो, ती हीच जोडी. पेट्रोलचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी सैन्यानं ती शोधून काढली होती.

आणि लायसन्सची कथा नोंदणीहूनही सरस आहे.

सुभेदार काका फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले. वय अठरा पूर्ण. नागरी कायद्यात वीस वर्षांच्या आत कुणालाही वाहतुकीचं वाहन, म्हणजे ट्रक-बस-टेम्पो, चालवता येत नाही. कलम ४ तसं सांगतं, पण वाक्याच्या सुरुवातीलाच एक पळवाट ठेवून: 'कलम १८ ला अधीन राहून'. आणि हे कलम १८ म्हणजे लष्कराचं खास दार. संरक्षणाच्या कामातल्या सरकारी गाड्या चालवण्यासाठी, अठरा पूर्ण झालेल्या माणसाला, देशभर चालेल असं लायसन्स देण्याचा अधिकार ते लष्करी अधिकाऱ्यांना देतं. म्हणून ज्या वयात आमच्या इमारतीतली मुलं ॲक्टिव्हासाठी पक्कं लायसन्स काढायला धावतात, त्या वयात काका डोंगरात ट्रक हाकत होते. त्यांनी चालवलेल्या रस्त्यांपैकी काहींची उंची ऐकली की कान बधिर होतात. लडाखमध्ये सीमा सडक संघटनेनं बांधलेला उमलिंग ला घाटाचा रस्ता तर १९,०२४ फुटांवर आहे. तिथे हवेतला प्राणवायू इतका विरळ, की माणसाबरोबर इंजिनही धापा टाकतं.

आता याच कलमाचं तिसरं पोटकलम वाचा. हे लायसन्स असलेल्याला त्या सरकारी गाड्यांखेरीज दुसरं कुठलंही वाहन चालवण्याचा हक्क मिळत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. बर्फात, दरीच्या कडेनं, मागे दारूगोळा लादून ट्रक नेणारा माणूस सुट्टीवर आला, तर नायगाव स्टेशनपासून जूचंद्रच्या देवळापर्यंत मेहुण्याची स्कूटर त्या लायसन्सवर नेऊ शकत नाही. त्याला वेगळं, नागरी लायसन्स हवं. पहिल्यांदा हा अन्याय वाटतो. पण विचार केला तर यात एक तत्त्व आहे. लष्करानं तपासलेला चेहरा लष्कराच्या दागाशी जोडलेला आहे. रस्त्यावरच्या बाकी गाड्यांचा हिशेब राज्याकडे. दोन वह्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

मात्र त्या दोन वह्यांमध्ये एक पूल आहे, आणि तो कलम ९ मध्ये लपलेला आहे. नागरी लायसन्स मागणाऱ्यानं चाचणी द्यायची, हा नियम सांगून झाल्यावर ते कलम म्हणतं, की ज्याच्याकडे त्या वर्गाच्या वाहनाचं कलम १८ खालचं लायसन्स आहे किंवा पूर्वी होतं, त्यानं तसा पुरावा दिला तर चाचणीची गरज नाही. 'किंवा पूर्वी होतं' हे तीन शब्द निवृत्तांसाठी आहेत. मैदानात आठाचा आकडा काढून दाखवायचा नाही, रिव्हर्स लावून दाखवायचा नाही. लष्करानं एकदा घेतलेली परीक्षा नागरी राज्य मान्य करतं. त्याच कलमात अशीच मान्यता परदेशात लायसन्स मिळवलेल्यांनाही आहे. जणू फौज हाही एक देशच, जिथून माणूस परत येतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. चाचणीची सूट म्हणजे अर्ज, फी आणि तब्येतीच्या अटींची सूट नव्हे. आणि सूट 'त्या वर्गाच्या वाहना'पुरतीच आहे: फौजेत जीप चालवली असेल तर हलक्या मोटारीसाठी, दुचाकीसाठी नाही. म्हणून निवृत्त होताना लष्करी लायसन्स आणि सेवेची कागदपत्रं जपून आणावीत. कुठल्या वर्गाची वाहनं चालवली ते त्यांवर नीट नोंदलं आहे ना, हे युनिट सोडण्याआधी बघावं. नंतर ते दुरुस्त करून घ्यायला पुन्हा त्या नवव्या आकड्याच्या पत्त्यावर पत्रं लिहीत बसावं लागतं.

कलम ९ आणि कलम ६० यांत एक जुळं सापडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कलम ६० मध्ये लिहिलं आहे, की लष्कराची गाडी सरकारच्या मालकीची राहिली नाही, तर तिला सर्वसाधारण नोंदणीची कलमं लागू होतात. म्हणजे लिलावात विकत घेतलेली जुनी जोंगा जीप आरटीओत नव्या गाडीसारखी रांगेत उभी राहते, बाण पुसून. माणूस आणि जीप, दोघंही एका दिवशी फौजेतून बाहेर पडतात आणि दोघांनाही त्याच खिडकीपाशी यावं लागतं. जीपचं पूर्वीचं आयुष्य तिथे फारसं मोजत नाहीत. तिची तपासणी पुन्हा होते. माणसाचं मोजतात.

युद्धात हात-पाय गमावलेल्यांसाठी कायद्यात वेगळा शब्द आहे, आणि तो बदलला याचा मला आनंद आहे. पूर्वी अशा गाडीला कायद्याच्या इंग्रजी भाषेत अपंगाची गाडी म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीत ते जाऊन 'अनुकूलित वाहन' आलं: माणसाच्या शरीराप्रमाणे बदलून घेतलेली गाडी. हातानं चालणारा ब्रेक, डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर, जे लागेल ते. अशी गाडी चालवायला तो माणूस सक्षम आहे ना, एवढंच तपासायचं.

कँटीनमधून गाडी स्वस्त मिळते हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ पासून चालतं आणि त्याचं मुख्यालय आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवर आहे: मरीन लाइन्स आणि चर्चगेटच्या मध्ये, महर्षी कर्वे रस्त्यावरची ॲडेल्फी ही इमारत. तिथल्या खरेदीवर जीएसटीत निम्मी सवलत असते. किती किमतीची गाडी, किती वर्षांनी एकदा, हे हुद्द्यावर ठरतं. २०२१ पासून गाडीची मागणी ऑनलाइन नोंदवता येते. पण गाडी तिथून घेतली तरी नोंदणी आणि रोड टॅक्स चुकत नाही. ती वाट पुन्हा परिवहन कार्यालयातूनच जाते.

राहिला टोल. इथे गैरसमज इतके आहेत, की सविस्तर लिहायला हवं.

नायगावहून बापाण्यामार्गे हमरस्त्याला लागून पालघर-मनोरकडे निघालं, की विरारच्या पुढे खानिवड्याचा टोलनाका येतो. तिथे गाडीतून ओळखपत्र बाहेर काढून 'फौजी आहे' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं हा आपला हक्क आहे, कारण १९०१ चा एक कायदा आहे: इंडियन टोल्स (आर्मी अँड एअर फोर्स) ॲक्ट. तो आजही जिवंत आहे. टोल बैलगाड्यांकडून आणि नावाड्यांकडून घेत होते तेव्हाचा. पण त्यातली सूट कामगिरीवर असलेल्यांना आणि कूच करणाऱ्या फौजांना आहे. सुट्टीवर निघालेल्या जवानाच्या खासगी गाडीला ती नाही, आणि निवृत्तांना तर नाहीच. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या टोल नियमांतही संरक्षण खात्याच्या कामावरच्या गाड्यांनाच सूट आहे. सुभेदार काका प्रत्येक वेळी टोल भरतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ड्युटीवर होतो तेव्हा नाही भरला. आता ड्युटीवर नाही."

मात्र त्याच नियमांत, सूट असलेल्यांच्या यादीत, राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल अशा मोठ्या पदांबरोबर काही माणसं आहेत, ज्यांना पद लागत नाही, कामगिरीवर असणंही लागत नाही, आणि निवृत्त झाल्यानं ज्यांचा हक्क जात नाही. परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र यांचे मानकरी. त्यांनी फक्त आपलं छायाचित्र असलेलं अधिकृत ओळखपत्र दाखवायचं. टोलनाक्यावरच्या फलकावर ही नावं छापलेली असतात. आपण फास्टॅगचा आवाज ऐकायच्या घाईत असतो, म्हणून वाचत नाही.

त्या फलकावरच्या पहिल्या शौर्यपदकाचा, परमवीर चक्राचा, अर्थ मला त्याच्या एका मानकऱ्याच्या रस्त्याच्याच गोष्टीत सापडला. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता मोकळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. शत्रूनं पाइनची झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकली होती आणि खाली सुरुंग पेरले होते. पुढे रणगाडे न्यायचे होते, आणि वरून गोळीबार चालू होता. राणे पहिल्या रणगाड्याच्या खाली शिरले आणि त्याच्या पोटाखालून, दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, जमिनीला छाती लावून सरपटत पुढे जाऊ लागले. सुरुंग दिसला की तो काढायचा. रणगाड्याच्या चालकाला तर खाली काहीच दिसत नव्हतं. लोखंडाचा तो डोंगर जरा पुढे गेला असता तर राणे चिरडले गेले असते. म्हणून त्यांनी दोन दोऱ्या चालकापर्यंत नेल्या होत्या. खालून दोरी ओढून ते त्याला इशारे देत होते, आणि तो चालक, न पाहता, फक्त हातातल्या दोरीच्या हिसक्यावर, बोटाबोटानं रणगाडा पुढे घेत होता.

हे मी आमच्या पार्किंगमध्ये मुलांना सांगितलं. बीएचला बिहार म्हणणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं सुभेदार काकांना विचारलं, "त्या चालकाचं लायसन्स कलम १८ चं होतं का?"

"तेव्हा हा कायदा नव्हता बाळा," काका म्हणाले. "तेव्हा १९३९ चा होता."